शाळेची दुपार

मराठी शाळेच्या वेळापत्रकात प्रत्येक तासिकेपुढे विषयाचे नाव असते. भाषा, गणित, परिसर अभ्यास, कार्यानुभव. फक्त मधल्या सुट्टीच्या आडव्या पट्टीत विषय नसतो. त्या वेळात लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत पंगत बसते, खिचडी वाढली जाते, ताटल्या विसळल्या जातात आणि मग घंटा होईपर्यंत लिंबाच्या सावलीत लंगडी, गोट्या, सागरगोटे चालतात. शिक्षणाचा हिशेब मांडताना हा वेळ सहसा वजा केला जातो. जेवण म्हणजे कल्याणकारी योजना, खेळ म्हणजे विसावा आणि शिक्षण म्हणजे या दोन्हींच्या अलीकडे-पलीकडे जे घडते ते, अशी आपली वाटणी आहे. ही वाटणी इतिहासाला धरून नाही, असे मला वाटते. कोणते मूल शाळेत टिकणार आणि कोणते गळणार, याचा निकाल महाराष्ट्रात वर्गापेक्षा दुपारीच जास्त वेळा लागला आहे. म्हणून दुपार कोणाची आणि कशी, हा शिक्षणाचाच प्रश्न आहे.

इंग्रजी अमलाआधीची पंतोजीची शाळा दोन वेळा भरे. मुले सकाळी लवकर येत, दुपारी जेवायला घरी जात आणि उन्हे कलायला लागली की परत येत. या रचनेत एक गोष्ट गृहीत होती, ती म्हणजे दुपारी घरी चूल पेटलेली असेल, कोणीतरी वाढणारे असेल आणि जेवून झाल्यावर मुलाला परत पाठवायला घर मोकळे असेल. ब्राह्मण, व्यापारी, वतनदारांच्या घरांत हे खरे होते आणि शाळेतली बहुतेक मुलेही त्याच घरांतली होती. कुणब्याच्या किंवा मजुराच्या घरात दिवस वेगळा चाले. भाकरी-कोरड्यास पहाटेच करून फडक्यात बांधून शेतावर न्यायचे, दुपारचे जेवण बांधावर. गावात मागे राहिलेल्या पोराकडे धाकटे भावंड किंवा गुरे. असे मूल सकाळी शाळेत आलेच, तरी दुपारी घरी गेल्यावर परत येण्याचे कारण उरत नसे. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. शेतकऱ्याच्या करातून उभा राहणारा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा आक्षेप प्रसिद्धच आहे. पण त्याच्या पाच वर्षे आधी, 1877 च्या दुष्काळात, सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवले होते, हेही त्या मागणीशेजारी ठेवून पाहिले पाहिजे. सक्तीच्या शिक्षणाची भाषा बोलणाऱ्या माणसाला उपाशी मुलांची गाठ आधीच पडलेली होती.

गरीब पण शिकू पाहणाऱ्या मुलाच्या दुपारची सोय जुन्या समाजाने केलीच नव्हती असे नाही. माधुकरी होती, वार लावून जेवणे होते. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. मराठीतल्या कितीतरी नामवंतांचे शिक्षण या सात घरांच्या पुण्याईवर झाले. पुण्यात 1909 साली सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची सुरुवातीची वाटचालही माधुकरीच्या आधाराने झाली. या प्रथेला पुष्कळदा त्यागाची, कष्टाची कहाणी म्हणून गौरवले जाते. त्यातली व्यवस्थेची बाजू मात्र दुर्लक्षित राहते. वार लावणे म्हणजे शिकणाऱ्या मुलाच्या पोटाची जबाबदारी गावाने उचलणे. पण ती जातीच्या कुंपणाच्या आत. ज्या मुलाला कोणाच्या उंबऱ्याच्या आत बसून जेवता येत नव्हते, त्याला वार कोण देणार? डॉ. आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये आपल्या शाळेची जी आठवण लिहिली आहे, ती जेवणाचीही नाही, नुसत्या पाण्याची आहे. शाळेतल्या नळाला त्यांनी हात लावायचा नाही. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी, शिपाई नसेल तर तहानेलेच राहायचे. वर्गात तेच पुस्तक, तोच गुरुजी. पण तहान लागली की शाळा त्या मुलाला तू कोण आहेस ते सांगत होती. हाही अभ्यासक्रमच होता, फक्त कुठे लिहिलेला नव्हता.

बहुजनांच्या शिक्षणाची चळवळ उभी राहिली ती म्हणूनच स्वयंपाकघरापासून. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यानंतर, 1917 साली आला. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था 1919 साली स्थापली आणि 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे वसतिगृह सुरू केले. त्या मुलांच्या धान्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. वसतिगृहातली मुले दळत, रांधत, भांडी घासत. त्या काळात जात मोडण्याचा धडा वर्गात देता आला असता. पण तो खरा ठरायचा तर पंगतीतच ठरणार होता, हे भाऊरावांना पक्के ठाऊक होते.

चाकूरचा मुलूख या सगळ्या हालचालींपासून लांब होता. निजामाच्या राज्यात हा भाग बीदर जिल्ह्याच्या कक्षेत येई. वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू, मराठी शाळा मोजक्या आणि त्याही मोठ्या गावांत. स्वामी रामानंद तीर्थांनी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईला जे काम केले, त्याचे मोल या पार्श्वभूमीवरच कळते. 1951 च्या जनगणनेत सगळ्या हैदराबाद राज्याची साक्षरता दहा टक्क्यांच्या आसपास होती. सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राजवट संपली, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1962 साली जिल्हा परिषदा स्थापन होऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. गावोगाव शाळा आली, गुरुजी आले, फळा आला. दुपार मात्र पंतोजीच्या काळातलीच राहिली. ज्याच्या घरी शिजले असेल त्याने जेवून यावे. मग 1972 चा दुष्काळ पडला. रोजगार हमीच्या आधीची ती दुष्काळी कामे, तिथली खडी फोडणारी माणसे, मिलोच्या भाकरी आणि हातावर पडणारी सुकडी त्या पिढीच्या स्मरणातून अजून गेलेली नाही. सरकारने मुलांच्या तोंडी थेट घास घालण्याचा अनुभव मराठवाड्याने मोठ्या प्रमाणावर घेतला तो तेव्हा. मात्र ते संकटकाळातले वाटप होते. पाऊस पडला, सुगी आली, की ते थांबले.

दुपारचा दुसरा अर्धा भाग म्हणजे मोकळा वेळ. त्याबद्दल महाराष्ट्रात दोन ठिकाणी फार मोलाचा विचार झाला. पहिले सेवाग्राम. 1937 च्या वर्धा परिषदेनंतर उभ्या राहिलेल्या नई तालीमच्या शाळेत स्वयंपाक, सफाई आणि बाग ही कामे शिक्षणाला जोडलेली नव्हती, तीच शिक्षणाची सुरुवात होती. इतक्या मुलांना पीठ किती, तेल किती, भाजी किती, यातून गणित. भाजी कशी उगवते यातून विज्ञान. दुसरे ठिकाण कोसबाड. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला सुरू केलेले काम 1957 साली कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथली वारली मुले दिवसभर गुरांमागे जात, म्हणून शाळाच कुरणावर गेली. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली बसली आहेत आणि बाई तिथेच शिकवताहेत, अशी ती कुरणशाळा. मुलाच्या दिवसाचा आकार बघून शाळेने आपला आकार बदलायचा, हे त्यामागचे तत्त्व. पुढे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी निघालेल्या साखरशाळांच्या मुळाशीही हेच होते. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून दिवाळीनंतर कोयता घेऊन निघणाऱ्या कुटुंबांकडे पाहिले तर हा प्रश्न मराठवाड्याला किती जवळचा आहे ते कळते. या प्रयोगांचा मोठा गौरव झाला. सरकारी वेळापत्रकात मात्र ते शिरले नाहीत. कार्यानुभवाची एक तासिका तेवढी आली, बाकी दिवस होता तसाच.

खरा बदल झाला तो 15 ऑगस्ट 1995 ला केंद्राची शालेय आहाराची योजना सुरू झाल्यानंतर, आणि तोही दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात ऐंशी टक्के हजेरी भरणाऱ्या मुलाला महिन्याला 3 किलो तांदूळ मिळे. हा तांदूळ घरी जाई, घरच्या डब्यात पडे, सगळ्यांत वाटला जाई. त्यात वाईट काही नव्हते, पण मुलाची दुपार त्याने बदलली नाही. राजस्थानातल्या भूकबळींच्या पार्श्वभूमीवर पीयूसीएल या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशाने शिजवलेले जेवण बंधनकारक झाले. किमान 300 उष्मांक, 8 ते 12 ग्रॅम प्रथिने, वर्षात किमान 200 दिवस. महाराष्ट्रात शाळेत चूल पेटू लागली ती 2002-03 पासून. तांदळाची पिशवी आणि ताटातली खिचडी यांतला फरक उष्मांकांत मोजता येत नाही. पिशवी कुटुंबाला मिळते, ताट मुलाला. पिशवीसाठी महिन्याच्या शेवटी हजेरीपटावर नाव पुरते, ताटासाठी दुपारी तिथे हजर असावे लागते. आणि ताट म्हटले की शेजारी कोण बसले आहे हा प्रश्न येतो. महासाथीत, मार्च 2020 नंतर, शाळा बंद पडल्या आणि शिधा पुन्हा घरी जाऊ लागला. त्या काळात धान्य पोहोचले, दुपार हरवली. 1995 चा पहिला टप्पा अपुरा का होता, याचा याहून स्पष्ट पुरावा मागायची गरज नाही.

जेवणाने शिकण्यावर काय परिणाम होतो याचीही मोजदाद झाली आहे. तनिका चक्रवर्ती आणि राजी जयरामन यांच्या 2019 च्या अभ्यासात देशभरातल्या ग्रामीण मुलांची आकडेवारी तपासली आहे. पाच वर्षांपर्यंत शाळेतले जेवण मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण, वर्षभरापेक्षा कमी काळ ते मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे 18 टक्क्यांनी आणि गणिताचे 9 टक्क्यांनी जास्त निघाले. मराठवाड्याला त्याहून जवळचा पुरावा शेजारच्या जुन्या आंध्र प्रदेशातला आहे. तिथल्या मुलांचा माग काढणाऱ्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की बालपणी दुष्काळात सापडलेल्या मुलांच्या वाढीची झालेली हानी शाळेतल्या जेवणाने बरीच भरून काढली. लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, पाणवठ्यांवर जमावबंदी लागली. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही शाळेत जेवण द्या, असा आदेश दिला. जिथे अवर्षण दर काही वर्षांनी ठरल्यासारखे येते, तिथे शाळेची चूल ही पाटबंधाऱ्याइतकीच मूलभूत सोय मानली पाहिजे.

याविरुद्ध जे बोलले जाते त्यात तथ्य नाही असे म्हणून चालणार नाही. पहिली तक्रार गुरुजींची. तांदळाची पोती मोजा, नोंदवह्या लिहा, चव घेऊन सही करा, ऑनलाइन माहिती भरा, शिकवायचे कधी? तक्रार खरी आहे. पण तिचा रोख जेवणाकडे नसून माणसांच्या तुटवड्याकडे आहे. तामिळनाडूने 1982 साली योजना वाढवली तेव्हा स्वयंपाकी आणि मदतनिसाच्या जोडीला भोजन केंद्राची जबाबदारी घेणारा स्वतंत्र संयोजक नेमला. आपल्याकडे हिशेब शिक्षकावर आणि रांधणे गावातल्या बायांवर टाकले गेले. आणि त्या बायांसाठी केंद्राने 2009 साली ठरवलेले मानधन होते महिना 1000 रुपये, वर्षातले दहा महिने. दुसरी भीती विषबाधेची. बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै 2013 मध्ये 23 मुले दगावली, तेलात कीटकनाशक गेले होते. ती घटना विसरता येत नाही, विसरूही नये. मात्र शहरातल्या मोठ्या भोजनगृहातून बंद डब्यांत अन्न आणणे हा चाकूरसारख्या ठिकाणी त्यावरचा उतारा होऊ शकत नाही. ज्या चुलीपाशी मुलांच्या आया उभ्या आहेत आणि व्यवस्थापन समितीचे सदस्य केव्हाही डोकावू शकतात, तिथे चूक लवकर सापडते. तिसरा आक्षेप असा की मुलांना जेवू घालणे आईबापांचे काम आहे, सरकारने ते घेतले की लोक आळशी होतात. शेतमजूर बाई सकाळी आठला खुरपणीला जाते ती दिवे लागणीला परतते. तिने दुपारी बारा वाजता घरी गरम जेवण कसे वाढावे, याचे उत्तर हा आक्षेप घेणारे देत नाहीत. शिवाय फिनलंडने 1948 पासून, देश युद्धाने खिळखिळा झालेला असताना, सगळ्या मुलांना शाळेत मोफत जेवण दिले. जपानने 1954 साली कायदा करून शाळेतले जेवण शिक्षणाचा भाग ठरवले. तिथे मुलेच वाढतात, मुलेच साफसफाई करतात. तिथले आईबाप त्यामुळे आळशी झाल्याचे ऐकिवात नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप लातूरच्या मातीतला आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांतून जो ‘लातूर पॅटर्न’ उभा राहिला, त्याने मागास म्हणून हिणवलेल्या भागातली मुले गुणवत्ता यादीत, वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या दारात नेऊन उभी केली. जादा तास, सराव चाचण्या, पुन्हा जादा तास. या यशाची चव चाखलेल्या पालकाला दुपारचा तास खेळात घालवणे ही चैन वाटते. खेडेगावातली पोरे एरवी हुंदडतातच, शाळेत पुन्हा हुंदडणे कशाला, असे तो विचारतो. याला दोन उत्तरे आहेत. एक साध्या हिशेबाचे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीसाठी 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन ठरवले आहे. म्हणजे रोजचे चार किंवा साडेचार तास. दहा ते पाच भरणाऱ्या शाळेत निवांत जेवण आणि मोकळा खेळ यांना तासभर दिला, तरी अभ्यासाचा एक मिनिटही कापला जात नाही. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीला काय काय हवे याची जी यादी आहे, तिच्यात स्वयंपाकघर आणि खेळाचे मैदान एकापाठोपाठ एक येतात. कायद्याला जे कळले ते वेळापत्रकाला अजून कळायचे आहे. दुसरे उत्तर मुलींचे. खेड्यातली पोरे हुंदडतात हे मुलांपुरते खरे आहे. मुलीची शाळेबाहेरची दुपार पाणी, सरपण, धाकटी भावंडे यांत जाते. चारचौघांत, उघड्यावर, कोणतेही काम अंगावर नसताना धावण्याची मुभा तिला मिळते ती शाळेच्या मधल्या सुट्टीतच. ती कापून जादा तास लावला तर तिच्या दिवसातला एकमेव मोकळा तुकडा जातो. पॅटर्नचा उपयोग दहावी-बारावीला होतो हे मान्य. पण तिथपर्यंत पोहोचणारी मुलगी आधीच्या आठ वर्षांतल्या दुपारींनी टिकवून धरलेली असते.

पंगतीबद्दल भाबडे होण्याचेही कारण नाही. एकत्र बसवले म्हणून जात आपोआप जात नाही. स्वयंपाक करणारी बाई दलित आहे म्हणून मुलांना घरून डबा देणारे पालक देशात अनेक ठिकाणी निघाले; म्हणूनच 2004 साली सर्वोच्च न्यायालयाला या कामात अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्या, असे सांगावे लागले. पण हा विरोधच पंगतीची ताकद दाखवतो. परिसर अभ्यासाच्या पुस्तकातल्या समतेच्या धड्यावर कोणी आपले मूल शाळेतून काढले नाही. कोणाच्या हातची खिचडी, यावर काढले. ज्या धड्याला गाव विरोध करते तोच गावापर्यंत पोहोचलेला असतो.

आज उणीव आहे ती जेवणाचा उरलेला अर्थ ओळखण्याची. ज्वारीच्या मुलखात वर्षानुवर्षे तांदळाचीच खिचडी शिजते, कारण धान्य गोदामातून येते, शिवारातून नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडे सुरू केले आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबवून लोकवर्गणीवर सोपवले; प्रथिनांची सर्वाधिक गरज जिथे, तिथेच वर्गणी देणारे हात कमी. परसबागेच्या स्पर्धा होतात, पण बागेतल्या मेथीचा हिशेब गणिताच्या वहीत येत नाही. वाढपाची पाळी मुलांकडे, तिथली शिस्त त्यांच्याकडे, जेवणानंतरचा खेळ कोणत्याही शिक्षेत न कापण्याचा नियम, आणि या सगळ्यासाठी शिक्षकाव्यतिरिक्त एक जबाबदार माणूस, एवढे केले तरी सेवाग्राम आणि कोसबाडचा विचार सरकारी शाळेत पहिल्यांदा नियम म्हणून येईल. त्याला मोठा खर्च लागत नाही. चूल आहे, मैदान आहे, कायद्याने दिलेला वेळ आहे. वार लावून शिकवणाऱ्या गावाने शिकणाऱ्या पोराचे पोट ही आपली जबाबदारी मानली होती. कुंपण काढून तीच जबाबदारी प्रत्येक मुलापर्यंत नेण्याचे काम शाळेच्या दुपारकडे आले आहे. तिला वेळापत्रकात विषय म्हणून जागा दिली, तर ते काम अर्ध्यावर राहणार नाही.